धुरळ्यातल्या गाड्या: राजदूत, जावा आणि आपले मिस्त्री

आजचा भाग गाड्यांचा आहे, पण शोरूममधल्या चकचकीत गाड्यांचा नाही. माती, चिखल, दगडधोंडे यांतून पळवायच्या मोटारसायकली असतात ना, ज्यांना डर्ट बाइक म्हणतात, त्यांतल्या जुन्या गाड्यांचा. अशा गाड्या शोधायच्या, खोलायच्या, पुन्हा जोडायच्या आणि पुन्हा मातीतच पळवायच्या, हे वेड लोकांना कसं लागलं, ते आज बघू. आणि मी बीडचा माणूस. त्यामुळं दुसरा प्रश्न ओघानंच येतो: आपल्याकडं याचं काय?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिकडं युरोप-अमेरिकेत हे वेड शर्यतीतून आलं. आपल्या जिल्ह्यात मोटारसायकलींची शर्यत नव्हती, पण रस्ताच मातीचा होता. तिकडं ज्यांनी जुन्या गाड्या वाचवल्या त्यांना हौशी म्हणतात. आपल्याकडं ज्यांनी वाचवल्या त्यांना आपण मिस्त्री म्हणतो, आणि हौशी लोकांच्या इतिहासात त्यांचं नाव सहसा येत नाही.

सुरुवात तिकडूनच करू. २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, कॅम्बर्ली इथं माळरानावर एक शर्यत झाली. अशा शर्यतींना पुढं ‘स्क्रॅम्बल’ नाव पडलं. म्हणजे धडपडत, ढकलत, कसंबसं पुढं जाणं. गाड्या साध्या रस्त्यावरच्याच असायच्या. लोक दिवे काढायचे, मडगार्ड काढायचे किंवा छाटायचे, सायलेन्सरचा पाइप वर उचलून बसवायचे, की झाली शर्यतीची गाडी. पुढं फ्रेंच भाषेतल्या मोटारसायकलच्या शब्दाला ‘क्रॉस कंट्री’ जोडून ‘मोटोक्रॉस’ हा शब्द आला. १९५२ मध्ये युरोपची स्पर्धा सुरू झाली आणि १९५७ मध्ये तिला जागतिक स्पर्धेचा दर्जा मिळाला.

त्यानंतर गाड्या फार वेगानं बदलल्या. जड फोर स्ट्रोक इंजिनांना हलक्या टू स्ट्रोकनी मागं टाकलं. त्यात एक नाव आपल्या कामाचं आहे, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड. बेल्जियमचा जोएल रॉबर्ट १९६४ मध्ये २५० सीसी गटात जगज्जेता झाला तो सीझेडवर. मग १९७३ मध्ये यामाहानं मागच्या दोन शॉकॲब्सॉर्बरऐवजी एकच शॉक लावलेली गाडी आणली आणि हाकान अँडरसन तिच्यावर जगज्जेता झाला. थोड्याच वर्षांत सगळ्या कंपन्या त्या वाटेनं गेल्या. चाक आता कितीतरी जास्त वरखाली होऊ लागलं, तशा ट्रॅकवरच्या उड्या मोठ्या झाल्या. दोन शॉकची गाडी घेऊन तिथं उतरणं म्हणजे कंबरडं मोडून घेणं.

म्हणजे बघा, कालची जिंकणारी गाडी चारपाच वर्षांत निकामी ठरली. ती कुठं गेली? शेडमध्ये, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, नाहीतर भंगारात. आणि तिथूनच ही हौस सुरू झाली. ज्यांनी तरुणपणी त्या गाड्या पळवल्या होत्या किंवा कुंपणाबाहेरून बघितल्या होत्या, त्यांनी त्या शोधून काढल्या. इंग्लंडमध्ये १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा वेगळा गट झाला, त्याला ‘प्री सिक्स्टी फाइव्ह’ म्हणतात. पुढं दोन शॉकवाल्यांचा ‘ट्विनशॉक’ गट झाला. अमेरिकेत जुन्या शर्यती गाड्यांची संघटना १९८९ मध्ये उभी राहिली. नियम साधा: त्या काळची गाडी, त्या काळाला झेपेल असा ट्रॅक. गाडी नुसती काचेच्या पेटीत ठेवायची नाही, पळवायची.

आता इकडं या. म्हैसूरला आयडियल जावा कंपनीनं १९६१ मध्ये जावा बनवायला सुरुवात केली. जावा आणि सीझेड या एकाच देशातल्या, एकमेकींच्या जोडीनं चालणाऱ्या कंपन्या. पुढं आपल्याकडं जावाचं नाव येझदी झालं. म्हणजे गावातले गुरुजी ज्या गाडीवर शाळेला जात होते, ती जगज्जेत्या गाडीची जवळची नातेवाईक होती. सहा दिवस जंगल-डोंगरांतून चालणाऱ्या ‘सिक्स डेज’ स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या संघानं जावावर कितीतरी वेळा बाजी मारली होती. गुरुजींना त्याचं काही नव्हतं. त्यांची सिक्स डेज सोमवार ते शनिवार चालायची.

दुसरी गाडी राजदूत. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ पासून पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवरून ती बनवली. १७३ सीसी, टू स्ट्रोक, तीन गिअर. ‘बॉबी’ सिनेमात १९७३ मध्ये ऋषी कपूरनं राजदूत जीटीएस पळवली आणि ती छोटी गाडी प्रसिद्ध झाली. पण आपल्याकडं मान होता तो मोठ्या राजदूतला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर वैरणीची पेंढी आणि मागं माणूस. एवढं घेऊन ती घाट चढायची.

आणि रस्ते कसले? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात कामं निघाली. बायाबापड्यांनी खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामांतून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले आणि गावागावांना जोडणारे कच्चे रस्ते झाले. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७९ पासून लागू झाला आणि ही कामं चालू राहिली. आष्टी, पाटोदा, धारूरकडं बालाघाटाच्या डोंगरात मुरूम आणि दगड. खाली गेवराई, माजलगावकडं गोदाकाठची काळी माती. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंत एसटी, आणि एसटी जिथं जात नाही तिथं मोटारसायकल.

काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी घातलीय का कधी? चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधे असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. मग माणूस काय करतो? पुढचं मडगार्ड वर उचलतो, नाहीतर काढूनच टाकतो. मागं जाड गुट्टीचं टायर घालतो. इंजिनखाली दगड लागू नये म्हणून पत्रा ठोकून घेतो. कॅम्बर्लीच्या पोरांनी हौसेखातर जे केलं, ते आपल्या दूधवाल्यानं डेअरीची वेळ गाठायला केलं. दोघांची गाडी शेवटी सारखीच दिसायला लागली.

शर्यत अगदीच नव्हती असं नाही. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पाझर तलाव कोरडा पडला की पोरं त्याच्या तळात गाड्या पळवायची. भेगाळलेली माती, बांधावरून उतार, पलीकडं चढ. आयता ट्रॅक. बाकी मातीतली खरी शर्यत म्हणजे शंकरपट. मोटारसायकलच्या शर्यती बघायच्या तर लांब जावं लागायचं. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. टीव्हीएसनं १९८२ मध्ये आपला शर्यतीचा संघ काढला. आपल्या राज्यात मोटोक्रॉसचं माहेर म्हणजे पुणं. सुपरक्रॉसची लीग सुरू झाली तीही पुण्यातच, २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीत. पण तिथं पळतात त्या आजच्या गाड्या. तिकडच्यासारखा जुन्या गाड्यांचा गट आपल्याकडं रुजलेला नाही.

आता मिस्त्रीकडं येऊ. टू स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वरखाली होतानाच सिलिंडरची भोकं उघडतो आणि बंद करतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागं साधारण ४० ते ५० मिली. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर धूर आणि सायलेन्सरमध्ये काजळी. मग सायलेन्सरची आतली नळी काढून विस्तवात जाळायची. पिस्टन झिजला की सिलिंडरला बोअर मारायचा आणि एक साइज मोठा पिस्टन टाकायचा. पॉइंटची फट डोळ्यानं बघून लावायची. बसस्टँडजवळच्या गॅरेजात उस्ताद, चाचा, मामा म्हणून ज्यांना हाक मारायचो, त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आवाज ऐकून ते सांगायचे, “क्रँकचं बेअरिंग गेलंय, धुणं धुतल्यासारखं वाजतंय.” सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर करून घ्यायचे, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून कुणाकरवी मागवायचे.

तिकडं गाडी पाच वर्षांत शर्यतीबाहेर जायची. आपल्याकडं ती तीस वर्षं चालायची, कारण दुसरी घ्यायला पैसे नसायचे. रिस्टोरेशन हा शब्द आपल्याकडं यायच्या आधी काम आलं होतं, आणि ते थांबलंच नव्हतं.

थांबलं ते नंतर. १९८४ ते १९८६ या दोनतीन वर्षांत जपानी जोडीनं १०० सीसीच्या गाड्या आल्या: इंड सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. सीडी १०० फोर स्ट्रोक, पेट्रोल कमी पिणारी. दूधवाल्यानं हिशेब केला आणि राजदूत गोठ्यात गेली. आरएक्स १०० मात्र पोरांनी डोक्यावर घेतली, तिचा फटफटाट आजही लोकांच्या कानात आहे. १९९६ मध्ये येझदीचा कारखाना बंद पडला आणि आरएक्स १०० चं उत्पादनही थांबलं. धुराचे नियम कडक होत गेले तशी टू स्ट्रोकची सद्दी संपली.

मग शहरातल्या लोकांना आठवण यायला लागली. वडिलांची जावा, मामांची येझदी. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘जावा डे’ साजरा व्हायला लागला. क्लब झाले. २०१८ मध्ये जावा नव्यानं बाजारात आली, २०२२ मध्ये येझदी आली आणि तिच्यात ‘स्क्रॅम्बलर’ नावाची गाडीही होती. आणि जुन्या गाडीच्या शोधात लोक आपल्या गावांकडं वळले. गोठ्यातली राजदूत भंगारवाल्याला किलोवर जात होती, ती आता पुण्या-मुंबईचा माणूस येऊन नेतो. त्यात वाईट काही नाही. भंगारात वितळण्यापेक्षा ते बरंच.

पण तीन गोष्टींकडं लक्ष द्यायला हवं.

एक, कागदपत्रं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम केला. ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपातली, चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, तरच तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये. रोजच्या वापराला ती चालवायची नाही. म्हणजे १९८५ ची आरएक्स १०० व्हिंटेज होणार २०३५ मध्ये. आणि जिचं इंजिन तीनदा बदललंय, जिची फ्रेम कापून कॅनचं कॅरिअर वेल्ड केलंय, ती आपली खरी मातीतली गाडी नियमात बसवायची तर तिचं बीडमधलं सगळं आयुष्य पुसावं लागणार.

दोन, पेट्रोल. २०२५ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या कार्बोरेटरचे रबरी वॉशर, नळ्या खराब करतं. त्यातलं काही इथेनॉल उसाचं. आणि तो ऊस तोडायला दरवर्षी कोयता घेऊन कोण जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याच घामाचा रस आपल्याच जुन्या गाडीच्या टाकीत जाऊन तिला गंजवतोय. गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, रबरी भाग बदलून घ्या.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट, मिस्त्री. सुटे भाग आज नव्यानं बनवून मिळतात. पण आवाजावरून बेअरिंग ओळखणारा कान बनवून मिळत नाही. ही माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची पोरं नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला लागली, तिथं लॅपटॉप जोडून दोष कळतो. तिकडच्या हौशी लोकांनी एक चांगलं काम केलं: जुन्या शर्यतीतले मेकॅनिक जिवंत असताना त्यांच्याशी बोलून ठेवलं, मापं लिहून घेतली. आपल्याकडं तेवढं तरी व्हायला हवं. तुमच्या तालुक्यात असा कुणी असेल तर फोन काढा आणि त्यांना काम करताना बोलतं करा. ऑइल किती, पॉइंट कसा, बोअर कितीचा, कुठला भाग कुठल्या गाडीचा चालतो, सगळं.

आणि गाडी नीट करणार असाल तर माझी एक विनंती. कॅनचं कॅरिअर लागलीच कापू नका. आधी फोटो काढा, कुणी बसवलं ते विचारा, आरसी बुक जपून ठेवा. रंग काय, कधीही देता येतो.

पुढच्या भागात एसटीचा लाल डबा. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा. रामराम.