यहुदी धर्म आणि आंतरधर्मीय विवाह: खरा प्रश्न मुलांचा
तौरातमधल्या मनाईचा आधार घेत यहुदी धर्मशास्त्र, म्हणजे हलाखा, परधर्मीयाशी लग्न मान्य करत नाही. हलाखानुसार आई यहुदी असेल तरच मूल जन्मानं यहुदी. नाहीतर त्याला रीतसर धर्म स्वीकारावा लागतो. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ आजही यावर ठाम आहेत. अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी मात्र १९८३ मध्ये ठरवलं, की फक्त बाप यहुदी असला तरी यहुदी संस्कारांत वाढलेलं मूल यहुदीच. म्हणजे एकच मूल एका सिनेगॉगमध्ये आपलं, दुसऱ्यात परकं!

इस्रायलमध्ये अशा जोडप्यांसाठी नागरी विवाहाची सोय नाही. ती सायप्रसला जाऊन लग्न करतात. सरकार त्याची नोंद घेतं. परतीच्या कायद्यानुसार यहुदी बापाच्या मुलाला नागरिकत्व मिळतं, पण आई यहुदी नसेल तर तिथले सरकारमान्य रब्बी धर्मांतराशिवाय त्याचं लग्न लावत नाहीत.