सावित्रीच्या खोऱ्यातला कातळ आणि रसायनशास्त्रज्ञ

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट आणि खाली महाडपर्यंतचे सावित्रीचे खोरे काळ्या कातळात कोरलेले आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक थिजून तो बनला. दख्खनच्या या कातळाचे रसायन उलगडले ते दगड फोडून नमुने जमवणारे संग्राहक आणि दूरच्या प्रयोगशाळांतले रसायनशास्त्रज्ञ यांच्या देवाणघेवाणीतून.

थिजताना लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात. त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यातून झिओलाइट खनिजांचे स्फटिक वाढतात. फुंकनळीच्या ज्योतीत ही खनिजे उकळल्यासारखी फसफसतात. त्यावरून स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये त्यांना हे नाव दिले.

पुण्याकडचे असे स्फटिक इंग्लंडला पोहोचले. स्फटिकांचे कोन मोजण्यात निष्णात असलेल्या हेन्री जेम्स ब्रुक यांनी १८३१ मध्ये ते नवे खनिज ठरवून ‘पूनाहलाइट’ हे नाव दिले. घटक मात्र रसायनशास्त्रज्ञानेच सांगायचे होते. ट्युबिंगेनच्या ख्रिस्तियान ग्मेलिन यांचे पृथक्करण १८४० मध्ये प्रसिद्ध झाले. झिओलाइटमधले पाणी मोजायची रीत सोपी होती: भुकटी तोलायची, लाल होईतो तापवायची, पुन्हा तोलायची, जेवढी घट तेवढे पाणी. पुढे पूनाहलाइट हे मेसोलाइटच असल्याचे ठरले.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी खडक आणि जीवाश्म जमवले. डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये नागपूरकडच्या दोन खनिजांना त्यांची नावे दिली. त्यांतले हिस्लॉपाइट म्हणजे ग्लॉकोनाइटमुळे हिरवा दिसणारा कॅल्साइट. कोणाच्या संग्रहाने काय साधले याची नोंद अशा नावांत राहिली.

महाड–पोलादपूरची पाळी विसाव्या शतकात आली. नजफी, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि मुंबईचे सुखेसवाला यांनी महाड–महाबळेश्वर छेदातल्या लाव्हाथरांचे रासायनिक पृथक्करण १९८१ मध्ये मांडले. कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी पुढे बेरियमसारखी मूलद्रव्ये आणि स्ट्रॉन्शियमची समस्थानिके मोजून थर वेगळे केले. खालच्या थरांत लाव्हा वर येताना भूकवचाचा अंश मिसळला होता. वरच्यांत तो फारच थोडा होता. खालच्यांना ‘पोलादपूर’, वरच्यांना ‘आंबेनळी’ हे नाव मिळाले. दख्खनच्या लाव्हाथरांची वर्गवारी आजही याच नावांनी होते.