धोत्रा आणि दमा

शिवाच्या पिंडीवर वाहिल्या जाणाऱ्या धोत्र्याचा दम्याच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत; त्यांतील तमकश्वास म्हणजे आपला दमा होय. धूळ, धूर, गार वारा, थंड पाणी यांनी तो उद्भवतो, आभाळ भरून आले की बळावतो. रोग्यास पडून राहवत नाही, उठून बसल्यावरच काहीसा आराम वाटतो. जुनाट तमकास आचार्यांनी ‘याप्य’ म्हटले आहे. तो समूळ जात नाही, परंतु पथ्य व औषध यांनी आवाक्यात राहतो.

गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या संवादग्रंथात धोत्रा आढळतो, तो मात्र चोरांचे भूल घालण्याचे साधन म्हणून! दम्यावर धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत दक्षिणेत होती. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांच्याकडून ती जनरल जेंट यांस समजली आणि १८०२ साली त्यांच्यामार्फत ब्रिटनमध्ये पोहोचली. पुढे विसाव्या शतकापर्यंत तिकडे दम्यासाठी धोत्र्याच्या सिगारेटी विकल्या जात.

धोत्र्यातील अॅट्रोपीन आवळलेल्या श्वासनलिका सैल करते, हे त्यामागील इंगित. पण मात्रा चुकताच तेच द्रव्य भ्रम आणि प्रसंगी मृत्यूही आणते. म्हणून घरी हा प्रयोग कोणीही करू नये. अॅट्रोपीनवरूनच सिद्ध केलेले, त्याहून पुष्कळ निर्धोक असे इप्राट्रोपियम आज फवाऱ्यातून दिले जाते.

मोजून मात्रा देणारा फवारा १९५६ साली आला. त्यातून द्यावयाची औषधे मुख्यत्वे दोन प्रकारची: एक धाप लागताच आराम देणारे, दुसरे श्वासनलिकांची सूज हटविणारे. दुसरे नित्य घ्यावयाचे असते, व घेतल्यावर चूळ भरावयाची असते. ‘फवाऱ्याची सवय लागते’ या समजुतीने पुष्कळजण, बरे वाटताच, नेमके तेच सोडतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बेजार होतात. ‘याप्य’ या शब्दाचा अर्थ त्यांनी ध्यानी घ्यावा.

आपल्या देवळांतही एवढे पाहता येईल. धूप, ऊद व कापूर यांचा धूर कोंडलेल्या गाभाऱ्याजवळ दमेकऱ्यास उभे राहण्याचा आग्रह करू नये. सभामंडपात, वाऱ्याच्या बाजूस त्यास जागा द्यावी. फवारा घेऊनही धाप उतरत नसेल, एक वाक्यही सलग बोलवत नसेल, तर आरती संपण्याची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. देवदर्शन काय, दुसऱ्या दिवशीही घडेल.