तंजावरची कागदपत्रे आणि मोतीबिंदू

मोंढ्यातील एक वृद्ध हमाल मागे आमच्या युनियनच्या कचेरीत आला. हातात थेंबांची बाटली. याने मोतीबिंदू विरघळेल असे त्यास कोणी सांगितले होते. दोन वर्षे झाली, पोत्यावरचा शिक्का काही दिसेना. त्याला उत्तर द्यावे म्हणून आम्ही वाचू लागलो, तो थेट तंजावरास जाऊन पोहोचलो.

तुळजापूरची भवानी ही भोसल्यांची कुलस्वामिनी, हे येथे सांगावयास नको. त्याच घराण्याची एक शाखा तमिळ मुलखात तंजावरास नांदली. तेथील तुळजाजी राजांचे दत्तक पुत्र दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढल्याच वर्षी राज्यकारभार इंग्रजांनी घेतला. हाती सत्ता उरली नाही, तेव्हा या राजाने ग्रंथ जमविले, धन्वंतरी महाल चालविला. १८३२ साली ते वारले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळच्या नेत्ररोग्यांची चाळीसांवर टिपणे सापडली आहेत. रोग्याची हकीकत, केलेला उपचार, डोळ्यांची चित्रे. मोतीबिंदूचे रोगीही त्यांत आहेत. गोरगरिबाच्या डोळ्याची अशी नोंद ठेवावी, हे आम्हांस लढायांच्या बखरींहून मोलाचे वाटते.

मोतीबिंदू शलाकेने बाजूस सारण्याची कृती सुश्रुतसंहितेतही आहे. म्हणजे काय करावे हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. भिंग गढूळ का होते, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकात होऊ लागला. भिंगाच्या पेशींत मोकळे कॅल्शियम अत्यल्प असते, बाहेर हजारो पटींनी अधिक. आत शिरलेले कॅल्शियम बाहेर लोटणारे किंवा कोठारात भरणारे पंप पेशींत असतात. या पंपांवर टाळेबंदी आणणारी द्रव्ये प्रयोगशाळेत भिंगांना लावली, तेव्हा ती गढूळली. आत कॅल्शियम वाढले की प्रथिने तुटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि प्रकाश विखुरतो.

म्हणून कोणी दूध सोडू नये! रक्तात कॅल्शियम फार कमी झाले तरीही मोतीबिंदू होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या कॅल्शियमची वाट अडवितात. पण त्यांनी मोतीबिंदू होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. मनानेच त्या बंद करणे जिवावर बेतेल.

उलट कॅल्शियमचा उपद्रव रोखून भिंग स्वच्छ ठेवावे, असेही प्रयत्न झाले. माणसाचा मोतीबिंदू विरघळविणारे थेंब मात्र अद्याप सिद्ध झालेले नाहीत. गढूळ भिंग काढून कृत्रिम बसविणे हाच उपाय. लंडनला रिडले यांनी १९४९ साली तो प्रथम केला.

हे सारे आम्ही त्या हमालास सांगितले. त्याने एकच विचारले, "किती दिवस मजुरी बुडेल?" हिशेब मांडून दिला, तेव्हा तो शस्त्रक्रियेस कबूल झाला.