काळी एक

मराठी माणूस भांडतो तेव्हा त्याचा आवाज ‘वरच्या पट्टीत’ जातो. फारच चिडला तर शेजारी म्हणतात, आज काळी पाच लागली आहे. ही पट्टी पेटीची. बोटाखाली दबणारी लाकडी पट्टी आणि गळ्याची पट्टी यांना आपण एकच शब्द वापरतो, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘की’ हा शब्दही ही दोन्ही कामं करतो. भाषांतर करताना असा आयता जोड क्वचितच मिळतो.

मात्र पुढे हिशेब वेगळा होतो. इंग्रजीत सुरांना अक्षरं आहेत. आपण पट्ट्यांचा रंग पाहून मोजतो. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, काळी एक म्हणजे त्या दोघींच्या मधली, सी शार्प. शास्त्रीय गाणारे पुष्कळ पुरुष काळी एकच्या आसपास षड्ज लावतात, बायका बहुधा काळी चार-पाचच्या आसपास. आपल्या बैठकीत काळी एक ही अगदी रोजची पट्टी. टिनच्या शिट्टीच्या, म्हणजे टिन व्हिसलच्या दुकानात मात्र ती दुर्मिळ ठरते.

हे कळायचं कारण घरगुती. मी जयपूरला, सीतापुऱ्यात राहते. कारखाने, कॉलेजं आणि टोंक रोडची रहदारी यांच्यामधल्या वसाहतीत दोन-चार मराठी घरं आहेत, आणि गुरुवारी एका काकांकडे भजन असतं. काका पूर्वी पांढरी दोनमध्ये गात. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर आवाज अर्धा सूर उतरून काळी एकवर बसला. त्यांच्या नातवाकडे डब्लिनहून आत्याने पाठवलेली व्हिसल आहे, अर्थातच डीची. तो फार गोड वाजवतो. त्याच्याबरोबर गायचं म्हणून काका पुन्हा पांढरी दोन लावत. अंतऱ्यात आवाज फाटे. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, “पोराला सांगवत नाही आणि ह्यांना ऐकवत नाही.” तेव्हापासून मी स्वस्तातली काळी एकची व्हिसल शोधायला लागले.

पेटी आणि ही शिट्टी जवळजवळ जुळी भावंडं आहेत. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते १८४२ साली. इंग्लंडात सफोकमधल्या कोनी वेस्टन गावच्या रॉबर्ट क्लार्क या शेतमजुराने टिनच्या पत्र्याची शिट्टी करायला सुरुवात केली ती १८४३ साली. पत्रा गुंडाळायचा, तोंडाशी लाकडाचा ठोकळा बसवायचा, सहा भोकं पाडायची. पुढे तो मँचेस्टरला गेला, धंदा वाढला, आणि ‘पेनी व्हिसल’ हे नाव रूढ झालं. दोन्ही वाद्यं यंत्रयुगातली, आणि दोन्हींचे सूर कारखान्यात ठरून येतात.

पेटीला निदान बारा पट्ट्या आहेत. गायकाने सांगितलं, काळी एक, की वाजवणारा बोटं सरकवतो. म्हणूनच १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला मनाई केली आणि ती १९७१ पर्यंत उठवली नाही, तरी भजनातून आणि नाटकातून ती हलली नाही. रेडिओचा आक्षेप खोटा नव्हता: पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत. पण जिथे गळा असेल तिथे ती जाते, आणि गाणाऱ्याला आधी तेवढंच हवं असतं. व्हिसलला मात्र एकच घर. डीची व्हिसल आयरिश मंडळींत रुळली, कारण तिथली फिडल आणि पाइप्स त्या सुराला सोयीची. म्हणून स्वस्त व्हिसल म्हटली की डी.

बाकीच्या पट्ट्यांत स्वस्त आणि भरवशाची म्हणून जुनी इंग्लिश ‘जनरेशन’ पाहिली. ती सहा सुरांत निघते: बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी. आपल्या भाषेत काळी पाच, पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच. काळी एक नाही.

इथे एक पळवाट असते. व्हिसलचं नाव सगळी भोकं बंद केल्यावरच्या सुरावरून पडतं. आपल्या बासरीत षड्ज असतो वरची तीन भोकं बंद केल्यावर. सगळी बंद केली की खालचा पंचम. म्हणजे ई फ्लॅटची व्हिसल बासरीच्या बोटांनी वाजवली तर षड्ज काळी चारवर येतो आणि एफची काळी पाचवर. बायकांच्या दोन्ही पट्ट्या अशा स्वस्तात सुटल्या! काळी एकसाठी याच रीतीने काळी चारची व्हिसल लागेल, आणि तीही त्या सहांत नाही. मी कागदावर सहाही सप्तकं मांडून पाहिली. सी शार्प फक्त डीच्या व्हिसलमध्ये सापडतो, सातवा सूर म्हणून, सगळी भोकं उघडल्यावर. त्यावर षड्ज धरून भजन वाजणार नाही.

नातवाने सुचवलं, डीचं तोंड जरा बाहेर ओढू. दोन-तीन मिलिमीटर ओढलं तर सूर थोडा उतरतो, ठीक. पण अख्खा अर्धा सूर उतरवायला जवळपास पावणेदोन सेंटिमीटर ओढावं लागतं, आणि मग खालचा सूर अर्धा उतरतो तर वरचे त्याहून जास्त, कारण तोंडाजवळच्या भोकांना तेवढीच वाढ प्रमाणाने मोठी पडते. सप्तक वाकडं होतं. सुटी मागवून काळी एकची व्हिसल करून देणारे कारागीर आहेत, पण त्यांच्या किमती खेळण्याच्या राहत नाहीत.

वाद्य गळ्याकडे आणायचं तर नळीच बदलावी लागते. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) तेच केलं. छोट्या बासरीत ख्यालाची खोली येईना, म्हणून त्यांनी सुमारे बत्तीस इंचांची बांबूची बासरी घडवली, आणि लोकसंगीतातलं वाद्य बैठकीत येऊन बसलं.

गळ्याबद्दल बोलायचं तर मी राहते तो रस्ताच साक्षीला आहे. टोंक रोडने तसंच पुढे गेलं की टोंक जिल्हा लागतो, आणि त्यात उनियारा. अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) तिथले. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला, बऱ्याच काळाने परतला तो पूर्वीसारखा नव्हता. त्यांनी गाणं त्या आवाजाला जुळवून घेतलं, आणि कोल्हापूर-मुंबईत आपण ज्याला जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो ते त्यातूनच आकाराला आलं, असं मानतात. केसरबाई, मोगूबाई ही पुढची मंडळी. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “माझी तुलना करू नकोस बाई, पण ऐकून बरं वाटलं.”

शेवटी आम्ही बांबूकडे वळलो. मराठीतलं अलगूज आणि राजस्थानातला जोडीने वाजणारा अलगोजा ही दोन्ही व्हिसलचीच जातकुळी: तोंडात धरायची, फुंकर आपोआप धारेवर जाते. जत्रेत अशा शिट्ट्या खेळणी म्हणून मिळतात, बहुतेक बेसूर. निवडायची रीत सोपी आहे, वेळखाऊ आहे. मोबाइलवर तानपुरा काळी एकला लावायचा, सगळी भोकं बंद करून एकेक फुंकायची, मग पंचम आणि वरचा षड्ज ताडायचा. किंचित उतरलेली घ्यावी, चढलेली घेऊ नये. टोक घासलं की खालचा सूर चढतो, भोक मोठं केलं की त्याचा सूर चढतो. पण बांबू परत जोडता येत नाही. विक्रेता वैतागेपर्यंत आम्ही सव्वीस फुंकल्या. दोन जवळ आल्या, त्यातली एक घासून बसली. किंमत डब्लिनच्या पार्सलच्या टपालखर्चाहून पुष्कळ कमी.

तिचा निषाद अजून थोडा कुरकुरतो. गेल्या गुरुवारी काकांनी काळी एकमध्ये पूर्ण अभंग म्हटला, अंतऱ्यासकट, आणि नातू मागे-मागे वाजवत राहिला. काकूंनी मध्येच चहा ठेवला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. काकांचा आवाज आणखी अर्धा सूर उतरला तर पांढरी एक होईल. त्या पट्टीची जनरेशन स्वस्तात मिळते. नातवाला ते ठाऊक आहे. त्याने ती मागवायला साफ नकार दिला आहे.