मरणाचा कायदा आणि 'आता घरी न्या'

आमच्या कुडाळात इच्छामरणाचा कायदा तीन शब्दांचा आहे. डॉक्टर चष्मा पुसत म्हणतात, "आता घरी न्या." मग नातेवाईक सही करतात, ॲम्ब्युलन्स येते, ओसरीवर खाट टाकली जाते आणि कोणीतरी देवासमोर गाऱ्हाणं घालतं, की बाबा रे, सोडव आता ह्याका. हे कोणत्याही कलमात बसत नाही, पण वर्षानुवर्षं चालत आलंय. या शनिवारी म्हटलं, छापील कायदा इथपर्यंत कसा आला ते जरा नीट बघू.

सुरुवात १८६० पासून. इंग्रजांच्या दंड संहितेत कलम ३०९ होतं: जीव देण्याचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. गंमत बघा, खुद्द इंग्लंडने हा गुन्हा १९६१ मध्येच काढून टाकला. आपल्याकडे तो जुन्या लीगसी कोडसारखा १ जुलै २०२४ पर्यंत, म्हणजे नवी न्याय संहिता येईपर्यंत, पडून होता. (२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याचे दात बरेचसे काढले होते, ते वेगळं.)

पण ३०९ सगळ्यांना सारखं लागायचं का? सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषधं सोडली, २६ तारखेला ते गेले. आपण त्याला प्रायोपवेशन म्हणतो. त्यांनी स्वतः आधी लेख लिहून आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक केला होता. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये तेच केलं, १५ तारखेला पवनारला देह ठेवला. तिथे ३०९ घेऊन हवालदार आल्याचं कोणी ऐकलं नाही. आणि मुंबईतल्या एका आजारी पोलीस शिपायाने बायकोच्या भाजीच्या गाळ्याची परवानगी मिळेना म्हणून महापालिकेत अंगावर रॉकेल ओतलं, तर त्याच्यावर लगेच खटला! तोच 'मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणालं. आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी सगळं उलटवलं: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मात्र जाता जाता एक खिडकी किलकिली ठेवली. मृत्यूची प्रक्रिया सुरू झाली असेल तर शेवट सन्मानाने होणं हा जगण्याचाच भाग आहे, असं.

आता केईएम. अरुणा शानभाग तिथे नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला वॉर्डबॉयने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याचजणांचं. (हल्लेखोराला हल्ला आणि चोरीबद्दल सात वर्षं. बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही.) त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलत गेल्या तरी, त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं.

पत्रकार पिंकी विराणी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या: अन्न थांबवा, त्यांना शांतपणे जाऊ द्या. रुग्णालय म्हणालं, मुळीच नाही. निकालपत्रात एक नोंद आहे ती वाचून मी थांबलोच. अरुणाबाईंना मासे आवडतात हे त्या आवाजाने आणि हातवाऱ्यांनी दाखवत, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. आता आपल्या बाजूच्या माणसाला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? पण तो कशाचा पुरावा, हा खरा प्रश्न. विराणींच्या बाजूने मला विचाराल तर, चव कळणं म्हणजे जगावंसं वाटणं नव्हे. ७ मार्च २०११ ला न्या. काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला, कारण त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमचा मानला. पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवायला मुभा दिली. आधार होता १९९३ चा इंग्लंडमधला टोनी ब्लँडचा निकाल. म्हणजे ज्या बाईच्या नावाने दार उघडलं, ती दाराच्या आतच राहिली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या.

बाहेर काय चाललं होतं? नेदरलँड्समध्ये त्याच १९७३ मध्ये एका डॉक्टरबाईने आपल्या आईला मरायला मदत केल्याबद्दल लेवार्डेनच्या कोर्टाने एक आठवड्याची, तीही स्थगित, शिक्षा दिली. तिथून पुढे निकाल साठत गेले आणि २००२ मध्ये कायदा लागू झाला. स्वित्झर्लंडचा हिशेब तर अजबच: १९४२ पासून लागू असलेल्या कलमात आत्महत्येला मदत 'स्वार्थी हेतूने' केली तरच गुन्हा. बाकी सगळं त्या एका शब्दाच्या फटीतून. ओरेगॉनने १९९४ मध्ये सरळ मतदान घेतलं. आपल्याकडे संसदेने हात लावला नाही, कोर्टच कोड लिहीत बसलं. आणि इंजेक्शन देऊन मरण आणणं आजही गुन्हाच आहे. गिरगावातल्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींकडे तशी परवानगी मागितली होती. धडधाकट होते, फक्त पुरे झालं म्हणत होते. आपल्या कायद्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही.

९ मार्च २०१८ ला 'लिव्हिंग विल' मान्य झालं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही! म्हणजे फीचर रिलीज केलं आणि लॉगिनच दिलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ते सुधारलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात घालता येतात, एकापेक्षा जास्तही. वेळ आली की रुग्णालयातली तीन डॉक्टरांची समिती, मग दुसरी समिती, दोघींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि उपचार काढण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. या कागदाची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेत ठेवायला अधिकारी हवा होता. डॉ. निखिल दातार त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा राज्याने २०२४ मध्ये हे अधिकारी नेमले.

आई-बाबा कुडाळात आणि आपण हिंजवडीत, अशा सगळ्यांनी इथे कान द्या. 'घरी न्या' हे फोनवर ऐकायचं आपल्याच वाट्याला येणार आहे. हो म्हणालो तर भाऊबंद म्हणणार पैसे वाचवले, नाही म्हणालो तर बाबांच्या नाकातोंडात नळ्या. तो कागद असला तर निदान निर्णय त्यांचा असतो. मी मागच्या गणपतीत विषय काढला. आई म्हणाली, "मोदक खा गपचूप." बाबांनी मात्र नमुना मागून घेतला आणि दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा करून ठेवल्यात.

आता आमच्याकडची खास अडचण. सिंधुदुर्गातला गंभीर पेशंट मुंबईला जात नाही, बांबोळीला गोमेकॉत जातो. कागद कुडाळच्या नगरपंचायतीत आणि माणूस पत्रादेवीच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात! गोव्याचं त्यातल्या त्यात बरं आहे, तिथे २०२४ मध्ये न्या. एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिलीय. पण रात्री दोन वाजता कुठल्या सरकारी कपाटातून प्रत येणार? तेव्हा एक प्रत आधारकार्डाच्या पाकिटात, एक फॅमिली डॉक्टरकडे आणि स्कॅन आपल्या फोनमध्ये. ॲम्ब्युलन्समध्ये जो कोणी बाजूला बसेल, शेजारचा का असेना, त्याला पाकीट कुठे आहे ते माहीत हवं.