उसाचे ऊती संवर्धन

उसाचे ऊती संवर्धन म्हणजे उसाच्या शेंड्यातील सूक्ष्म भाग निर्जंतुक वातावरणात पोषण माध्यमावर वाढवून निरोगी रोपे तयार करण्याची प्रयोगशाळेतील पद्धत होय. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी रोपे तयार केली जातात. ती प्रामुख्याने बेणेमळ्यासाठी असतात.

गरज

उसाची लागवड टिपऱ्यांपासून होते आणि दोन डोळ्यांच्या सुमारे २५,००० टिपऱ्या हेक्टरी लागतात. त्यामुळे नवा वाण शेतापर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे जातात. शिवाय गवताळ वाढ, मोझॅक आणि खोडव्याचा खुजेपणा हे रोग बेण्याबरोबरच पुढच्या पिकात उतरतात. उत्पादन घटले की दोष बहुधा वाणाला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा बेण्याचा असतो. उष्ण प्रक्रियेने गवताळ वाढ व खुजेपणा आटोक्यात येतो, मोझॅकचा विषाणू मात्र तिला सहसा दाद देत नाही.

प्रक्रिया

शेंड्याच्या अगदी टोकाशी असलेल्या विभाजी ऊतींमध्ये रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू तेथे क्वचितच पोहोचतो. हा भाग मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. तुकडा मोठा घेतल्यास विषाणू सोबत येण्याचा धोका असतो, फार लहान घेतल्यास तो जगत नाही. कापलेल्या जागेतून स्रवणाऱ्या फिनॉलयुक्त द्रव्यांनी माध्यम काळे पडते. त्यामुळे सुरुवातीला तुकडे वारंवार नव्या माध्यमात हलवावे लागतात.

टोशिओ मुराशिगे व फोल्के स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी प्रसिद्ध केलेले माध्यम येथेही वापरले जाते. त्यात लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे उसाचे रोप बाटलीत साखरेवरच पोसले जाते. सायटोकायनिनमुळे फुटवे वाढतात, तर ऑक्सिनमुळे मुळे फुटतात. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. अशी रोपे थेट उन्हात नेल्यास सुकतात. म्हणून ती हरितगृहात व नंतर शेडनेटखाली हळूहळू कणखर केली जातात.

वापर आणि मर्यादा

पहिल्या पिढीच्या रोपांना फुटवे भरपूर येतात, पण ऊस बारीक राहतो. त्यामुळे हे पीक गाळपासाठी न देता त्यापासून मूलभूत, पायाभूत व प्रमाणित असे टप्प्याटप्प्याने बेणे वाढवतात. बाटलीत फुटव्यांची विभागणी मर्यादेपलीकडे केल्यास काही रोपे मूळ वाणापेक्षा वेगळी निपजतात. निरोगी रोप रोगप्रतिकारक नसते: मावा किडीमुळे मोझॅकचा विषाणू शेतात पुन्हा येतो, तर खुजेपणाचा जिवाणू तोडणीच्या कोयत्यावरून एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो.